सशाने आखलेली भिंत

हेमलकशात दगडी भिंत म्हणावी अशी भिंत मी लहानपणी पाहिली नव्हती. घरांना कुडाच्या भिंती, परसाला बांबूचं कुंपण, आणि कुंपण डुकरांसाठी, माणसांसाठी नाही. शाळेच्या इमारतीला भिंती होत्या, पण त्या आत बसण्यासाठी. कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी कोणी मैलोगणती भिंत बांधतं, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती चंद्रपूरला. सातवीत असताना. बाबा तिथल्या शाळेत नोकरीला होते आणि दाखल्याच्या काही कामासाठी ते आम्हाला सोबत घेऊन गेले होते. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या वर्गातल्या एका माडिया मैत्रिणीला. हेमलकसा, आलापल्ली, आष्टीचा वैनगंगेवरचा पूल, गोंडपिपरी, बल्लारपूर. जवळपास पावणेदोनशे किलोमीटर, दोन एसटी आणि एक उलटी.

बसस्थानकावरून चालत आम्ही जटपुरा गेटपाशी आलो. काळ्या दगडाची प्रचंड कमान, तिच्या पोटातून रिक्षा, सायकली, भाजीच्या गाड्या, सगळं एकाच वेळी आत-बाहेर करत होतं. वर दगडात कोरलेला सिंह आणि त्याच्यापुढे हत्ती. हत्ती लहान, सिंह मोठा. मैत्रीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यानं हत्ती पाहिलाच नाही वाटतं." मग तिने विचारलं, "ही भिंत कोणाला आत येऊ द्यायची नाही म्हणून?"

बाबा इतिहासाचे शिक्षक नव्हते. ते म्हणाले, "सगळ्यांनाच."

ते उत्तर बरोबर होतं का, हे शोधायला मला पुढे बरीच वर्षं लागली. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी गोष्ट, मग इतिहास. गोष्ट चंद्रपुरातल्या प्रत्येकाला येते. पंधराव्या शतकात कधीतरी बल्लारपूरला खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा होता. अंगावर गळवं, गाठी, म्हणून खांडक्या. शिकारीला निघाला, तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. त्याने तोंड धुतलं, पाणी प्यायलं, रात्री गाढ झोपला आणि सकाळी राणीने पाहिलं तर फोड गेलेले. त्या जागी अचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे एकदा राजा तिथून परतत असताना एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा सशाच्या मागे नाही, ससा कुत्र्याच्या मागे. मोठा वळसा घालून दोघं धावले, शेवटी कुत्र्याने उलटून सशाला मारलं. राणी म्हणाली, या भूमीत काहीतरी आहे, इथे नगर वसवा, आणि ससा जिथून धावला तिथून भिंत घाला.

ही गोष्ट आणि राजांची वंशावळ आपल्याकडे लेखी आली ती मुख्यतः मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या 1869च्या जमाबंदी अहवालातून. साराबंदी करायला आलेला माणूस, पण त्याने दंतकथा मन लावून टिपल्या. वंशावळीतल्या सनावळ्या मात्र फार भरवशाच्या नाहीत. भरवसा ठेवावा असा एक खुंटा आहे 'ऐने अकबरी'चा. अबुल फजलने वऱ्हाडच्या पूर्वेला चांदा आणि तिथला गोंड जमीनदार बाबाजी यांची नोंद केली आहे: 1000 घोडेस्वार, 40,000 पायदळ, आणि ताब्यात हिऱ्यांची खाण असलेलं वैरागड. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, दिल्ली-आग्र्याच्या कागदांत नोंद व्हावी इतकं हे राज्य जागेवर होतं. भिंत एका राजाने सुरू केली आणि पुढच्या दोन-चार पिढ्यांनी पुरी केली असं परंपरा सांगते. काम पूर्ण झाल्याचं श्रेय धुंड्या रामशहाकडे जातं.

आता हे लक्षात घ्या की चांदा हे शहर कशाच्या मधोमध नव्हतं. कशाच्या तरी कडेला होतं. गोंड राजांची आधीची राजधानी सिरपूर, ते आज तेलंगणात आहे. तिथून बल्लारपूर, मग चांदा. पश्चिमेला वर्धा नदीपलीकडे वऱ्हाड: आधी बहामनी, मग इमादशाही, मग निजामशाही, मग मोगल. दक्षिणेला तेलंगण. पूर्वेला वैनगंगेपल्याड आमचं जंगल, आणि त्याच्याही पलीकडे बस्तर. वर्ध्याकाठची ती माळरानं म्हणजे मोठमोठ्या राज्यांची शिव होती, आणि शिवेवरच्या गावाला भिंत लागते.

असली गावं जगभर आहेत. फ्रान्समध्ये ऱ्हाइनच्या काठी नफ-ब्रिझाक नावाचं एक चिमुकलं शहर आहे. 1697च्या तहात चौदाव्या लुईला नदीपलीकडचं ब्रिझाक सोडावं लागलं, तर त्याने अलीकडच्या काठावर नवंकोरं ब्रिझाक बांधायला घेतलं. वोबां हा त्याचा किल्ले बांधणारा अभियंता. त्याने पट्टी-कंपास घेऊन अष्टकोन आखला, आत बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते, मध्ये चौक, बाहेर ताऱ्यासारखे कोन, कारण तोफेच्या गोळ्याला सरळ भिंत आवडते आणि कोन आवडत नाहीत. फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून बघा, हिमकण पडल्यासारखं दिसतं. मग तिथून चंद्रपूरला या. इथे कोन नाही, कंपास नाही. नद्यांच्या मधून वाकडीतिकडी, पोट सुटलेली, मध्येच आत वळणारी रेघ. सशाने आखली म्हणतात ते नकाशा पाहिला की पटतं.

मला मात्र ससा पुरेसा वाटत नाही. नकाशा जरा मोठा करून पाहिला तर पश्चिमेला इरई दिसते, पूर्वेला झरपट, आणि खाली दक्षिणेला दोन्हींचा संगम. भिंत या दोन पाण्यांच्या बेचक्यात बसवली आहे. परंपरेत तेल ठाकूर नावाच्या एका जाणकाराचं नाव येतं, त्याच्याकडून राजाने नगराची आखणी करून घेतली म्हणून. या माणसाबद्दल याहून फार माहिती नाही, पण ज्याने कोणी ही रेघ मारली त्याला पाणी कुठपर्यंत चढतं हे माहीत होतं. यावर मी परत येईन.

भिंतीची मापं सांगते. घेर सुमारे 11 किलोमीटर. उंची 15 ते 20 फूट. चार दरवाजे: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. मसण खिडकीतून प्रेतं बाहेर नेत. चोर खिडकीच्या नावाबद्दल प्रत्येक म्हातारा वेगळी गोष्ट सांगतो. मी तीन ऐकल्या आणि तिन्ही एकमेकींना खोटं पाडणाऱ्या निघाल्या.

या आवारात पूर्ण शहर कधीच भरलं नव्हतं. इंग्रजांच्या वर्णनात भिंतीच्या आत शेतं आहेत, मोकळी माळ आहे, सुट्या वाड्या आहेत. हे मला फार आवडतं. संकट आलं की आसपासच्या खेड्यांनी गुरं-ढोरांसकट आत यावं, दार लावावं, आतल्या विहिरीचं पाणी प्यावं आणि शेतातलं पिकलेलं खावं, इतकी जागा आत होती. म्हणजे मैत्रिणीच्या प्रश्नाला उत्तर: सगळ्यांना बाहेर ठेवण्यासाठी नाही, पुष्कळांना आत घेण्यासाठी. पण मग हेच त्या भिंतीचं मरणही ठरलं.

हिशोब सोपा आहे. 11 किलोमीटर म्हणजे 11,000 मीटर. दर पाच मीटरला एकच माणूस उभा करायचा म्हटलं तरी 2200 माणसं लागतात. तीही दिवसपाळीची. रात्रपाळी धरली तर दुप्पट. बाबाजीचे 40,000 खरे असतील तोवर ठीक होतं. राज्य आटलं की तीच भिंत अंगापेक्षा मोठ्या अंगरख्यासारखी लोंबायला लागते.

आणि राज्य आटलंच. 1667मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चालून आला आणि जबर खंडणी घेऊन गेला. भिंत फुटली नाही, राजाच वाकला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशहाचा खून झाला, तेव्हा राणी हिराईने कारभार हाती घेतला. अंचलेश्वर दरवाजाजवळची त्याची समाधी तिने बांधवली, महाकालीचं आजचं देऊळही तिचंच. चंद्रपुरात बघण्यासारखं जे आहे त्यातलं बरंचसं एका विधवेने उभं केलेलं आहे, आणि माझ्या शाळेच्या पुस्तकात तिचं नाव नव्हतं. 1751मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्याने शेवटचा राजा नीळकंठशहा याला पदच्युत केलं. तो बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत मेला. चांदा भोसल्यांचं झालं.

मराठी पोरांना इथे जरा अडखळायला हवं. आपण शाळेत भगव्याबरोबर धावतो. चांद्याच्या भिंतीवरून बघितलं तर 1751मध्ये बाहेरून येणारे आपण होतो.

खरा वेढा पडला तो 1818मध्ये. आधीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली होती, मार्चमध्ये इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना अटक केली होती. तिकडे दुसरा बाजीराव पळता पळता विदर्भात शिरला होता. त्याला चांद्याच्या भिंतीआड येऊन बसायचं होतं. पण कर्नल स्कॉटची फौज आधीच आडवी आली, आणि 17 एप्रिलला पांढरकवड्याजवळ कर्नल अ‍ॅडम्सने बाजीरावाच्या फौजेची वाताहत केली. बाजीराव पुन्हा पळाला. अ‍ॅडम्स चांद्याकडे वळला. 9 मे. विदर्भातला मे महिना आणि चांद्याचं ऊन ज्याने अनुभवलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

किल्लेदार होता गंगासिंग. भोसल्यांचा राजा अटकेत, पेशवा पळालेला, मदतीला कोणी येणार नाही हे उघड. तो शरण आला नाही. इंग्रजांनी तोफखाना आग्नेय कोपऱ्याकडे लावला. भिंत उंच होती, दगडी होती, पण सरळ होती, आणि वोबांसारख्यांनी जे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं ते इथे कोणी बांधलं नव्हतं. 19 मेला खिंडार पडलं. 20 मेला हल्ला झाला. गंगासिंग लढताना पडला, त्याच्याबरोबर त्याची पुष्कळ माणसं पडली. दुपारपर्यंत शहर गेलं. 11 किलोमीटरची भिंत एका कोपऱ्यात फुटली की उरलेल्या सगळ्या भिंतीचा काही उपयोग नसतो. गंगासिंगाची आठवण शहरात पुसट आहे. मी रिक्षावाल्यांना विचारून पाहिलं. एकाने 'तो कोणत्या वॉर्डाचा' असं विचारलं.

पण आमच्याकडे, जंगलात, चांद्याची आठवण 1818ची नाही. 1858ची आहे.

गोंड राजांचा आतला कोट, राजवाड्याची जागा, तिथे इंग्रजांनी तुरुंग केला. किल्ल्याचा तुरुंग होणं ही जगभरची रीत आहे, भिंती तयार असतात, फक्त पहारेकऱ्याला तोंड आत वळवावं लागतं. 1858मध्ये मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्लीचा व्यंकटराव यांनी उठाव केला. 29 एप्रिल 1858ला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याचा तळ पडला होता. गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज तिथे मारले गेले, तिसरा पीटर निसटला आणि त्याने चांद्याला क्रिक्टनला खबर दिली. क्रिक्टन हा जिल्ह्याचा अधिकारी. त्याने फौजेबरोबर दुसरंही एक हत्यार वापरलं: अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. बाबुराव त्यांच्याच माणसांकरवी पकडला गेला. व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निसटला. 21 ऑक्टोबर 1858ला बाबुरावला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं. वय 25.

टपाल खात्याने 2009मध्ये त्याच्यावर तिकीट काढलं. गडचिरोलीत त्याच्या नावाचे चौक आहेत, फलक आहेत. दरवर्षी 21 ऑक्टोबरला लोक त्या जागी जमतात. ज्या वाड्यात गोंड राजा बसायचा तिथेच एका गोंड जमीनदाराला फास लागला, याला योगायोग म्हणणं मला जमत नाही. सत्ता दरवाजे आणि वाडे नव्याने बांधत नाही, आहेत तेच वापरते.

एक सांगायला हवं. माडिया माणसाला चांद्याचा राजा आपला वाटतो का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. राजगोंड वेगळे, माडिया वेगळे. भामरागडकडच्या लोकांनी भिंती बांधल्या नाहीत. जंगल साफ करून फिरती शेती केली, जमीन थकली की पुढे सरकले, त्रास देणारा आला की आणखी आत गेले. त्यांचा कोट म्हणजे अंतर. 1982च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याकडच्या प्रत्येक कागदावर चंद्रपूर होतं, आणि जुनी माणसं अजूनही 'चांद्याला जातो' म्हणतात, ते कोर्टाला, दवाखान्याला किंवा जेलला. राजधानीला नाही.

आता पाण्याकडे परत येते.

पुढे मी शिकायला चंद्रपूरला आले आणि इरईच्या बाजूला, भिंतीच्या बाहेर, खोली घेतली. स्वस्त होती म्हणून. जुलै 2022मध्ये चार दिवस पाऊस थांबला नाही. धरणाचे दरवाजे उघडले. मी भामरागडकडची पोरगी, पूर माझ्यासाठी नवीन नव्हता. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा संपर्क तुटतो, बाजारपेठेत पाणी शिरतं, हे मी दर पावसाळ्यात पाहिलं आहे. पण तिथे पाणी चढतं तसं आपण सरकतो. इथे सरकायला जागा नव्हती. पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं, सातला खाटेच्या पायांना. पुस्तकं डोक्यावर घेऊन मी आणि शेजारच्या दोघी पठाणपुरा दरवाजाकडे निघालो, कारण सगळेच तिकडे निघाले होते.

आणि तिथे मला तेल ठाकूर भेटला, म्हणजे त्याची रेघ भेटली. भिंतीच्या बाहेरच्या बाजूने पाणी लागलेलं, तपकिरी, वर फेस, प्लॅस्टिक, एक तरंगणारं गॅस सिलिंडर. आतल्या बाजूला, भिंतीलगत, एक बाई कोरड्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. दोघींमध्ये चारशे वर्षांचा दगड. पाणी शिरतं ते दरवाजांतून, सखल बोळांतून, आणि जिथे भिंत पडली किंवा पाडली तिथून. जिथे ती धड आहे तिथे ती आपलं काम अजून करते. शत्रूला तिने दोन आठवडेही थोपवलं नाही. पाण्याला ती थोपवते आहे.

मी त्या बाईंना म्हटलं, "काकू, तुमच्याकडे पाणी नाही आलं?" त्या म्हणाल्या, "परकोट आहे ना वं." जणू मी छप्पर आहे का विचारलं होतं.

त्यानंतर मी भिंतीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, आणि मग राग येतो अशा गोष्टीही दिसायला लागल्या. भिंत संरक्षित स्मारक आहे. तरी तिच्या अंगाला टेकून घरं आहेत, गोठे आहेत, दगड काढून नेलेल्या जागा आहेत. मी घरं बांधणाऱ्यांना दोष देत नाही. मी स्वतः त्याहून वाईट जागी राहत होते, कारण भाडं तेवढंच परवडत होतं. 2017च्या मार्चमध्ये बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या पोरांनी कुदळ-फावडं घेऊन बुरुजांवरची झाडं-झुडपं आणि कचरा काढायला सुरुवात केली, आणि दोनशेहून जास्त दिवस काढत राहिले. भिंतीवरून चालता येतं, हे पुष्कळ चंद्रपूरकरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. वड-पिंपळाची मुळं दगडांच्या सांध्यात शिरली की तोफ जे दहा दिवसांत करते ते झाड पन्नास वर्षांत करतं. पण करतं.

नदीचंही तसंच. कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर इरईच्या काठावर उभे आहेत आणि पात्र अरुंद झालं आहे. भिंतीची उंची ज्या इरईला बघून ठरवली, ती इरई आता राहिलेली नाही. आणि शहर भिंतीच्या बाहेर कितीतरी पटींनी वाढलं आहे. संकटात आसपासच्या सगळ्यांना आत घेता यावं म्हणून जी जागा मोकळी ठेवली होती ती केव्हाच भरली. आता संकटात आम्ही दरवाजापर्यंत येतो, आत नातेवाईक असेल तर आत जातो, नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये.

नफ-ब्रिझाकच्या भिंतींना 2008मध्ये वोबांच्या इतर अकरा जागांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या किल्ल्यानेही 1870मध्ये प्रशियन तोफांपुढे हात टेकले होते, तेव्हा लढाईच्या गुणपत्रिकेत दोघंही नापासच. पण तिथे आता खंदकात गवत आहे आणि लोक रविवारी फिरायला जातात. चंद्रपूरला अजून तो चैनीचा काळ आलेला नाही. इथली भिंत कामावर आहे.

गेल्या दिवाळीत ती मैत्रीण चंद्रपूरला आली. आता ती आरोग्य खात्यात काम करते आणि भामरागड तालुक्यात गावोगाव फिरते. मी तिला बगड खिडकीजवळून वर नेलं. तिने आधी बाहेर बघितलं, मग आत. मग खाली उतरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि पुराच्या पाण्याची रेघ कुठे आहे ते विचारलं. मी पठाणपुऱ्याकडे बोट दाखवलं, इकडे नाही, तिकडे. आम्ही तिकडे चालत गेलो. वाळलेल्या गाळाची पट्टी दगडावर अजून होती, फिकट, तिच्या खांद्याच्या वर. तिने हात उंच करून पट्टीवर ठेवला आणि म्हणाली, "भामरागडला यंदा याच्यापेक्षा वर होतं."

मग आम्ही समोसा खायला जटपुऱ्याला गेलो.